वरून आलेले

वाडीवरच्या लोकांच्या बोलण्यात ‘वरून’ हा शब्द फार यायचा. वरून ऑर्डर आली. वरून पैसंच आलं न्हाईत. वरून सायब येनार हाईत. १९८६च्या उन्हाळ्यात आम्ही कॉलेजातली चार पोरं पुण्याहून एसटीनं वेल्ह्याला उतरलो आणि पुढं दोन तास पायी चालत डोंगराच्या कुशीतल्या त्या पंधरा-वीस घरांच्या वाडीवर पोचलो. घामानं निथळत, चढण चढून, म्हणजे सरळसरळ खालून. तरी संध्याकाळी देवळापुढं बसलेल्या म्हाताऱ्यांनी एकमेकांना आमची ओळख करून दिली ती ‘वरून आल्यात’ अशीच.

आम्ही निर्धूर चुली घेऊन आलो होतो. एका संस्थेचं शिबिर होतं. चूल मातीचीच, पण तोंड आखूड केलेलं, मागं दुसरं भांडं ठेवायला वैल, आणि तिथून छपराबाहेर जाणारी सिमेंटची नळी, वर पत्र्याची टोपी. धूर नळीतून बाहेर जाणार, बाईच्या डोळ्यांत नाही. सरपणही कमी लागणार. कागदावर या चुलीत खोट काढायला जागा नव्हती, आणि आम्ही कागदावरूनच आलो होतो.

माझ्या शबनममध्ये तेव्हा आर्थर सी. क्लार्कची ‘चाइल्डहूड्स एंड’ होती, पुण्यात फूटपाथवर घेतलेली, पाठीचं कव्हर नसलेली. रात्री कंदिलाच्या उजेडात ती वाचायची आणि सकाळी चुली बसवायला जायचं, असे ते दिवस. कादंबरीची आणि चुलींची गाठ माझ्या डोक्यात तेव्हा पडली ती आजवर सुटलेली नाही. त्यामुळे परग्रहावरचे शहाणे लोक येऊन मानवजातीला वळण लावतात अशी गोष्ट कुठं वाचली की मला आधी ओल्या मातीचा वास येतो.

१९५३ सालची ही कादंबरी. एके दिवशी जगातल्या मोठमोठ्या शहरांवर प्रचंड यानं येऊन थांबतात. एच. जी. वेल्सचे मंगळवासी १८९८ मध्ये येऊन माणसं भाजून गेलेले असल्यामुळे वाचकाची तयारी तशाच काहीतरी भयंकराची असते. पण हे पाहुणे लढत नाहीत. त्यांचा प्रमुख कॅरेलन हा संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणिसाला, स्टॉर्मग्रेनला, यानात बोलावून आडून बोलतो. स्वतःचं तोंड दाखवत नाही. पन्नास वर्षं दाखवणार नाही, असंही सांगून टाकतो. युद्धं थांबतात. अन्नाची ददात मिटते. प्राण्यांशी क्रूरपणा करायचा नाही असा हुकूम निघतो आणि स्पेनमधल्या बैलझुंजीत बैलाच्या अंगात पहिला भाला घुसतो तेव्हा त्याची कळ बघ्यांपैकी प्रत्येकाच्या अंगात उठते. पुन्हा झुंज होत नाही. दक्षिण आफ्रिकेतलं सरकार वंशभेद सोडत नाही म्हणून केपटाऊनवरचा सूर्य अर्धा तास विझवला जातो, आणि दुसऱ्या दिवशी सरकार गोऱ्या अल्पसंख्याकांना पूर्ण नागरी हक्क परत देतं. हो, गोऱ्यांना. तिथं १९४८पासून वर्णभेदाचं राज्य गोऱ्यांनी चालवलेलं असताना क्लार्कनं हे चित्र उलटं काढलं. ही थट्टा होती की भीती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. (१९५१च्या ‘द डे द अर्थ स्टुड स्टिल’ या चित्रपटात क्लाटू नावाचा पाहुणाही जगाची वीज अर्धाच तास बंद करतो, तीही इस्पितळं आणि हवेतली विमानं वगळून. लोडशेडिंगमध्ये वाढलेल्या वाचकाला एवढ्यानं जग गुडघ्यावर येतं याचं थोडं हसू येतं.)

विसाव्या वर्षी मला कॅरेलन फार आवडला होता. मारत नाही, लुटत नाही, ओरडतही नाही. विनोदी आहे, थकलेला आहे, आणि त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. आम्हालाही वाडीतल्या लोकांपेक्षा जास्त कळतं असं आमचं मत होतं, तेव्हा मला तो जवळचा वाटला यात नवल नव्हतं.

पहिल्या तीन दिवसांत आम्ही पाच घरांत चुली बसवल्या. चौथ्या दिवशी पहिल्या घरची म्हातारी आमच्या पुढ्यात भाकरी घेऊन आली. भाकरी चपटी होती. या चुलीला पुढं निखारा ओढायला जागाच नव्हती, आणि भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यापुढं उभी केल्याशिवाय फुगत नाही, हे पुण्यातल्या कुणा अभियंत्याला, किंवा आम्हा चौघांना, ठाऊक नव्हतं. आमच्या घरी पोळ्या होत. मग एकेक गोष्ट निघाली. चुलीत मोठं लाकूड शिरत नाही. बारीक करायला हवं. ते कोण करणार? धूर कोंडला नाही तर छपराच्या गवताला कीड लागते आणि चार वर्षांचं छप्पर दोन वर्षांत जातं. आढ्याला टांगलेलं बियाण्याचं कणीस धुरावरच टिकतं. पावसाळ्यात कपडे कशावर वाळवायचे? म्हातारीनं शेवटी विचारलं, “तुमच्यात असलीच चूल हाय का रं?”

आमच्याकडे गॅस होता.

त्या रात्री आम्ही चौघांनी बराच ऊहापोह केला आणि एक उदात्त निर्णय घेतला. हे ज्ञान यांचं आहे, ही जगण्याची रीत शतकांची आहे, आपण वरून लादायचं नाही. उरलेल्या नळ्या शाळेच्या पडवीत रचून ठेवल्या आणि आम्ही उरलेले दिवस बंधाऱ्याच्या कामाला लागलो. माघार घेताना माणसाला एवढं मोठं झाल्यासारखं वाटतं हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. क्लार्कची कादंबरीही मी त्याच तिरमिरीत संपवली आणि कॅरेलन मनातून उतरला.

तो उतरण्याचं कारण शेवट. पन्नास वर्षांनी हे पाहुणे तोंड दाखवतात तेव्हा ते शिंगं, पंख आणि शेपटी असलेले, हुबेहूब सैतानासारखे निघतात. पण तोवर माणसं इतकी सुखावलेली असतात की त्याचंही काही वाटेनासं होतं. खरा धक्का नंतर आहे. ही सगळी शांतता, सुबत्ता कशासाठी होती? माणसांची मुलं एका विश्वव्यापी मनात विलीन व्हायची होती आणि तोवर आईबापांनी एकमेकांना मारून टाकू नये, एवढ्यासाठी. पाहुणे स्वतः त्या मनाचे चाकर. त्यांना ती वाट कायमची बंद. सुईणीनं बाळंतपण पार पाडावं तसं ते पार पाडतात. मुलं माणसं राहत नाहीत. आईबाप उरतात ते फक्त संपण्यासाठी. क्लार्कनं पुस्तकाच्या सुरुवातीलाच, यातली मतं लेखकाची नाहीत, असं छापून हात झटकले आहेत. कादंबरीकारानं आपल्याच कादंबरीबद्दल असं छापणं मी दुसरीकडं पाहिलेलं नाही.

पण मराठी वाचकानं थांबून वाचावी अशी जागा त्याच्या कितीतरी आधी येते. पृथ्वीवर कुणीतरी पाहुण्यांच्या कारभाराची तुलना हिंदुस्थानातल्या इंग्रजी राज्याशी केलेली असते आणि कॅरेलन स्टॉर्मग्रेनपाशी ती उडवून लावतो. इंग्रजांना तिथं जायला धड हेतूच नव्हता, व्यापार आणि युरोपातल्या शेजाऱ्यांशी वैर एवढंच. साम्राज्य हातात आल्यावर त्याचं काय करायचं ते त्यांना कळेना, आणि सुटका झाल्यावरच ते सुखी झाले, असा त्याचा सूर. मग तुम्ही वेळ येताच तुमचं साम्राज्य सोडाल का, असं स्टॉर्मग्रेन विचारतो. तो म्हणतो, जराही मागंपुढं न पाहता. हिंदुस्थान स्वतंत्र होऊन तेव्हा सहाच वर्षं झाली होती आणि हे लिहिणारा इंग्रज होता. कॅरेलन खोटं बोलत नाही. तो वेळ येताच जातो. तोवर तक्रार करायला कुणी उरलेलं नसतं, एवढंच.

हे वाचताना मला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आठवतो. पेशवाई बुडाल्यावर १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर होता. ब्रिग्ज नावाच्या अधिकाऱ्यानं त्याच्या तंबूच्या कोपऱ्यात छापील मराठी पुस्तकांचा ढीग पाहिला आणि हा कशासाठी, असं विचारलं. इथल्या लोकांना शिकवायला, असं एल्फिन्स्टननं सांगितलं, आणि पुढं असंही म्हणाला की हाच आपला युरोपला परतायचा हमरस्ता आहे. ही आठवण ब्रिग्जनं नोंदवून ठेवली. कॅरेलनपेक्षा मला हा माणूस मोठा वाटतो. आपण दिलेलं ज्ञान आपल्यालाच घालवील हे तो जाणतो आणि तरी पुस्तकं छापतो. अर्थात तंबूत बसून दुसऱ्या अधिकाऱ्याला सांगणं वेगळं आणि ज्यांना शिकवायचं त्यांना तोंडावर सांगणं वेगळं. पडदा तिथंही होताच.

आपल्याकडं या वरून आलेल्यांबद्दल एकोणिसावं अख्खं शतकभर भांडण झालं. विज्ञानकथांमधले परग्रहवासी कोणत्या ताऱ्यावरून येतात हे वाचण्यापेक्षा ते भांडण वाचावं असं माझं मत आहे. सगळे नैतिक प्रश्न तिथं आधीच खरे होऊन गेले आहेत. लोकहितवादींनी १८४८पासून ‘प्रभाकर’मध्ये शतपत्रं लिहिली, आणि त्यांत इंग्रजी राज्य ही आपल्याला शहाणं करायला आलेली ईश्वरी योजना आहे असं पुन्हा पुन्हा सांगितलं. शहाणे झालो की ते जातील, हेही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांना ‘निबंधमाले’त या शहाणपणाच्या शिकवणीचा संताप आला. ज्याच्या घरात कुणी येऊन, तुझं सगळं चुकलं, असं म्हणतो त्याला जो संताप येतो तो. कॅरेलनच्या जगातही असे लोक आहेत. ते स्टॉर्मग्रेनला पळवून नेतात. त्यांची बाजू क्लार्कला नीट मांडता आली नाही. चिपळूणकर त्याला भेटायला हवे होते.

पण या भांडणात तिसरा आवाज जोतीराव फुल्यांचा होता, आणि परग्रहवासीयांच्या कथांना नेमका तोच आवाज सापडलेला नाही. फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ छापली ती अमेरिकेतल्या गुलामांची मुक्तता करणाऱ्या लोकांना अर्पण करून. इंग्रज हे काही देवदूत नव्हेत हे त्यांना कळत होतं. शेतकऱ्याच्या लुटीबद्दल त्यांनी सरकारलाही सोडलेलं नाही. पण ज्याला घरच्यांनीच शतकानुशतकं विहिरीला शिवू दिलं नाही, त्याला परका आला म्हणजे आपलं स्वातंत्र्य गेलं असं कसं वाटावं? त्याचं स्वातंत्र्य आधीच कुणीतरी घेऊन ठेवलेलं. ‘मानवजात’ नावाचा एकच माणूस पृथ्वीवर राहत असता तर पाहुण्यांची नीती ठरवणं सोपं होतं. केपटाऊनवरचा सूर्य विझला तेव्हा कुणाच्या घरात दिवा लागला, हा खरा प्रश्न, आणि तो कादंबरी विचारत नाही.

‘स्टार ट्रेक’वाल्यांनी यावर एक नियम काढला: मागासलेल्या ग्रहांच्या कारभारात ढवळाढवळ करायची नाही. प्राइम डायरेक्टिव्ह. १९६६पासून ती मालिका चालली आणि बहुतेक वेळा कॅप्टन तो नियम मोडतो म्हणूनच गोष्ट होते. नियम साळसूद आहे. मला तो वाचला की १८९१चं संमतिवयाचं बिल आठवतं. मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारावर न्यायचं, एवढंच ते बिल. टिळकांचा विरोध वयाला कमी आणि सरकारला जास्त होता. सुधारणा समाजातून व्हावी, परक्या सरकारनं कायद्यानं लादू नये. तत्त्व म्हणून याला उत्तर देणं आजही जड जातं. अडचण अशी की समाजातून सुधारणा होईपर्यंत दहा वर्षांच्या मुलीनं थांबायचं कुठं, हे तत्त्व सांगत नाही. रखमाबाई थांबली नाही. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या नवऱ्याकडं जायला तिनं नकार दिला. १८८४ साली तो कोर्टात गेला, आणि १८८७ मध्ये त्याच परक्या कोर्टानं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल दिला. तुरुंगात जाईन, म्हणाली. पुढं डॉक्टर झाली. पुढारी असोत की समाजाची रीत म्हणून मान तुकवणारं सरकार असो, ढवळाढवळ न करण्याचं व्रत घेतलेले दोघंही तिच्या विरुद्ध बाजूला एकत्र उभे दिसतात.

हा पेच नीट ओळखला तो रशियातल्या स्त्रुगात्स्की बंधूंनी. ‘देव होणं कठीण’ असं म्हणता येईल अशा नावाची त्यांची कादंबरी १९६४ची. तिच्यात उलटं आहे: आपणच, पृथ्वीवरचे, प्रगत; आणि दुसऱ्या ग्रहावर मध्ययुग चालू आहे. पृथ्वीवरून इतिहासकार वेश पालटून तिथं राहतात. पाहायचं, नोंदवायचं, हात लावायचा नाही. त्यांच्यातला रुमाता सरदार बनून राहतो. तिथं लिहिता-वाचता येणाऱ्यांना वेचून मारताहेत आणि हा पाहतो आहे. एक म्हातारा विद्वान बुदाख त्याला सापडतो, आणि दोघांमध्ये जे बोलणं होतं ते मी विज्ञानकथांमध्ये वाचलेलं सर्वांत प्रामाणिक बोलणं आहे. देवाला काय सल्ला द्याल, असं रुमाता विचारतो. लोकांना पोटभर अन्न दे, म्हणतो म्हातारा. बलवान ते काढून घेतील, म्हणतो देव. मग बलवानांना शिक्षा कर. मग दुबळ्यांतले बलवान त्यांची जागा घेतील. असं होत होत म्हातारा शेवटी म्हणतो, मग आम्हाला सोडून दे, आमच्या वाटेनं जाऊ दे. आणि रुमाता सांगतो की तेही करवत नाही, दया येते. शेवटी त्याची प्रिय मुलगी किरा मारली जाते, तो तलवार उपसतो आणि राजवाड्यापर्यंत प्रेतांचा सडा पडतो. शहाण्यांचा शहाणपणा एका मुलीच्या मरणापर्यंत टिकला. बाकीची इतकी माणसं मेली तेव्हा मात्र तो टिकला होता, ही गोष्ट त्या भावांनी न बोलता सांगितली आहे.

मला या कथांतली तीच पानं खरी वाटतात जिथं खालचा माणूस वरच्याला काही विचारू शकतो. ऑक्टेव्हिया बटलरच्या ‘डॉन’मध्ये (१९८७) अणुयुद्धातून वाचलेल्या लिलिथला परग्रहवासी जागं करतात, तिची गाठ काढून टाकतात, बळ देतात, आणि बदल्यात माणसाची जातच आपल्यात मिसळून घेणार असं सांगतात. ती नाही म्हणू शकते. तिच्या नाहीचा उपयोग मात्र काही होत नाही, कारण त्यांना तिच्या शरीराचं म्हणणं तिच्या तोंडापेक्षा जास्त कळतं. एका कृष्णवर्णी अमेरिकन बाईनं हे लिहिलं आहे. तिला हे वाक्य कुठून आलं ते सांगायला नको. आपल्या जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’मध्ये तर मार्गदर्शक हयातच नाही. नामशेष झालेल्या प्रगत संस्कृतीचं ज्ञान जमिनीत पुरलेल्या पेटीत सापडतं, आणि तिचा घात करणारी चूक पुन्हा करायची सोयही त्याच पेटीत असते. त्या पेटीला काही विचारायची सोयच नाही.

आमच्या बाबतीत मात्र विचारलं गेलं होतं. हे मी वर सांगितलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी त्या म्हातारीची धाकटी सून सरपणाचा भारा घेऊन वाटेत भेटली. भारा उतरवला नाही, तशीच उभी राहिली. म्हणाली, “दादा, आमच्या चुलीचं त्वांड मोडलं तरी चालंल, पर ती नळी ऱ्हाऊ द्या की. माझं डोळं लई झोंबत्यात.” चूल म्हातारीच्या हुकमानं त्याच सकाळी फोडली होती आणि नळी आम्ही परत घेतली होती. मी त्या वेळी वीस वर्षांचा, लोकांच्या ज्ञानाचा आदर करायला नुकताच शिकलेला. मी म्हणालो, “वहिनी, घरातल्या मोठ्यांना विचारून काय ते ठरवा.” ती काही बोलली नाही. मानेनंच बरं म्हणाली आणि चालू लागली. त्या रात्री मी हे बाकीच्या तिघांना सांगितलं तेव्हा सगळ्यांचं मत पडलं की मी बरोबर वागलो.

भाकरीबद्दल म्हातारीचं म्हणणं खरं होतं, गवताबद्दलही. पण चुलीपुढं सकाळ-संध्याकाळ बसत होती ती सून. म्हातारी ओसरीवर बसायची.

२०११मध्ये दुसऱ्याच कामानं त्या बाजूला गेलो, तेव्हा वाडीपर्यंत डांबरी रस्ता झाला होता. छपरांवर गवत नव्हतं, पत्रे होते. शाळेला आमच्या सिमेंटच्या नळ्यांची पन्हळ लावलेली होती. दोन नळ्या फुटलेल्या, बाकीच्या धड. म्हातारी जाऊन बरीच वर्षं झाली होती. सून आता घरातली मोठी होती. तिनं मला ओळखलं नाही. चुलीचं सांगितल्यावर ओळखलं.

“व्हय, नळी मागितली हुती मी,” ती म्हणाली. “तुमी म्हनला, आत्याबाईंना इचार.”

मी विचारलं, मग विचारलं होतंत का?

“त्यांनीच तर फोडली हुती चूल,” ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली. गॅसची टाकी कोपऱ्यात होती, रिकामी. चहा चुलीवर झाला.